कम्फर्ट झोनच्या बाहेर पडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा’ हा सल्ला पुण्यात महाविद्यालयांच्या स्वागत समारंभापासून कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गापर्यंत सर्वत्र सढळ हाताने दिला जातो. तो कोणी, केव्हा आणि कितपत पाळावा, हे सांगायचे मात्र बहुतेक वेळा राहून जाते. पुढील प्रश्नोत्तरे त्या राहून गेलेल्या भागाविषयी आहेत.

कम्फर्ट झोन म्हणजे आळसच ना?

नाही. पहाटे चारला मार्केट यार्डात हजर होणाऱ्या आडतीवरच्या दिवाणजींना कोणी आळशी म्हणणार नाही; तरीही मालकाकडे पगारवाढीचा विषय काढायचा म्हटले की तेच दिवाणजी वर्षानुवर्षे ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत राहू शकतात. ज्या कामांत, माणसांत आणि जागांत पुढे काय होणार याचा आपल्याला अंदाज असतो, तो आपला कम्फर्ट झोन. त्यात आराम असेलच असे नाही. नावडती नोकरी, रोजची भांडणे, तक्रारींनी भरलेले घर हेही अंगवळणी पडते आणि अंगवळणी पडलेले दुःख अनोळखी सुखापेक्षा बिनधोक वाटू लागते. त्यामुळे स्वतःचा कम्फर्ट झोन ओळखायचा असेल, तर आपण कोठे निवांत असतो यापेक्षा आपण काय टाळतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आहे त्यात मी समाधानी आहे. तरीही बाहेर पडायलाच हवे का?

मुळीच नाही. ज्याला सिंहगड चढण्याची इच्छाच नाही, त्याने रविवारी पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेला लागलेच पाहिजे असे नाही. तो घरी बसून पोहे खात असेल, तर त्याचा विकास खुंटला असे कोणी समजू नये. कसोटी एवढीच आहे की एकाच गोष्टीविषयी मनात इच्छा आणि टाळाटाळ दोन्ही आहेत का. जर्मन शिकायचे म्हणून दरवर्षी रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांची चौकशी करायची, अर्जाची तारीख वहीत लिहून ठेवायची आणि ती टळून गेल्यावर मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायचा, असे होत असेल, तर तेथे थांबून विचार करण्यासारखे काही आहे.

काळवेळही पाहावी. नुकताच कोणाचा मृत्यू झाला आहे, घरात तान्हे मूल आहे, नोकरी गेली आहे किंवा आजारपण सुरू आहे, अशा दिवसांत माणसाला आधीच पुरेसे अनोळखी झेलावे लागत असते. त्या वेळी ओळखीचा दिनक्रम, ओळखीची माणसे आणि वेळेवर झोप यांना धरून राहणे हा पळपुटेपणा नव्हे.

एखादी गोष्ट टाळली तर असे काय मोठे बिघडते?

बिघडते ते एकदा टाळल्याने नव्हे, टाळण्यातून मिळणाऱ्या सुटकेने. समजा, लातूरहून आलेला एक तरुण अभियंता हिंजवडीतील कंपनीत काम करतो. बैठकीत ज्या अडचणीवर चर्चा चालू आहे, तिचे उत्तर त्याला ठाऊक आहे. तो बोलायचे ठरवतो, मनात इंग्रजी वाक्य जुळवतो, क्रियापद बरोबर आहे का ते तपासतो, तोंडाला कोरड पडते, आणि तेवढ्यात दुसराच कोणीतरी बोलू लागतो. त्या क्षणी त्याला वाईट वाटण्याआधी हायसे वाटते. ते हायसे वाटणे हे बक्षीस असते, आणि ज्या कृतीला लगेच बक्षीस मिळते ती कृती मन पुन्हा करते. पुढच्या बैठकीत गप्प बसणे थोडे अधिक सोपे होते आणि बोलणे थोडे अधिक अवघड.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ‘मी बोललो तर लोक हसतील’ हे त्याचे भाकीत कधी तपासलेच जात नाही. ते न तपासता खरे मानले जाते. शिवाय टाळण्याचा परीघ आहे तेवढाच राहत नाही. आधी मोठ्या बैठकीत बोलणे टळते, मग छोट्या बैठकीत, मग फोन करण्याऐवजी संदेश पाठवला जातो आणि काही वर्षांनी हाच माणूस स्वतःविषयी ‘माझा स्वभावच अबोल आहे’ असे सांगू लागतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अस्वस्थता अमर्याद वाढत नाही. ती चढते, काही काळ टिकते आणि आपण तेथेच थांबलो तर उतरू लागते. ऐन चढावर पळ काढला, तर ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढेच मन शिकते. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये भीतीकडे पायरीपायरीने जाण्याची उपचारपद्धती मांडली. तिचा गाभा आजच्या उपचारांतही टिकून आहे. फरक एवढाच की अलीकडे भीती किती ओसरली यापेक्षा, जे वाईट घडेल असे वाटत होते ते घडले नाही हा अनुभव मनावर किती ठसला, याला अधिक महत्त्व दिले जाते.

येथे एका पळवाटेकडे लक्ष द्यावे. पुष्कळ लोक जातात, पण गेल्यासारखे करून टाळतात. समारंभाला जाऊन पूर्ण वेळ मोबाइलमध्ये डोके घालणे, भाषण कागदातून मान वर न काढता वाचणे, बँकेत जाताना बोलायला म्हणून भावाला बरोबर नेणे, ही त्याची नेहमीची रूपे आहेत. सुरुवातीला अशा कुबड्या चालतील. कायमच्या राहिल्या, तर काम निभावण्याचे सारे श्रेय त्यांनाच जाते.

‘थोडा ताण चांगला असतो’ याला शास्त्रीय आधार आहे का?

आहे, पण तो जेवढा सांगितला जातो तेवढा सरळ नाही. प्रशिक्षणवर्गांत फळ्यावर ताण आणि कामगिरी यांचा जो घंटेच्या आकाराचा आलेख काढला जातो, त्याचे मूळ रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधील प्रयोगांत सांगितले जाते. ते प्रयोग माणसांवर नव्हे, उंदरांवर झाले होते. पांढरी आणि काळी अशा दोन पेट्यांपैकी योग्य पेटी निवडायची. चुकल्यास विजेचा सौम्य किंवा तीव्र धक्का बसे. दोन पेट्यांमधील फरक ठळक असेल, तेव्हा तीव्र धक्क्याने उंदीर लवकर शिकत; फरक ओळखणे कठीण केले, की फार सौम्य आणि फार तीव्र अशा दोन्ही धक्क्यांपेक्षा मधला धक्का अधिक उपयोगी पडे.

उंदरांवरून माणसांबद्दल फार काही ठरवू नये, हे खरे. तरीही या प्रयोगातला जो भाग फळ्यावर सहसा येत नाही, तोच आपल्या कामाचा आहे: काम जितके नवे आणि गुंतागुंतीचे, तितका पेलवणारा दाब कमी. सरावाचे काम मुदतीच्या धाकाने उरकता येते, नवे काम त्याच धाकाने बिघडते. नव्याने गाडी चालवायला शिकणाऱ्याच्या शेजारी बसून ओरडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

सुरुवात नेमकी कोठून करावी?

शिडी करावी. एका कागदावर तळाशी किंचित अस्वस्थ करणारी गोष्ट लिहावी, वर अशक्य वाटणारी लिहावी, आणि मधल्या पायऱ्या इतक्या जवळजवळ ठेवाव्यात की कोणतीही पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच उंच वाटेल.

कोथरूडमधील एका पन्नाशीच्या गृहिणींचे उदाहरण कल्पू. त्यांच्याकडे वाहन परवाना आहे, घरात गाडी आहे. पण परवाना काढल्यापासून गाडी पती किंवा मुलगाच चालवतो. त्यांची पहिली पायरी रस्त्यावर नसावीच. सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीत बसून आसन आणि आरसे आपल्या मापाने लावून घेणे, क्लचपर्यंत पाय नीट पोहोचतो का ते पाहणे, ही पहिली पायरी. मग आवारातच गाडी मागे घेणे. त्यातही सुरक्षारक्षकाने ‘ताई, या या, सोडा सोडा’ असे हातवारे न करता, केवळ आरशांकडे पाहून. त्यानंतर रविवारी सकाळी साडेसहाला कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत जाऊन परत येणे. पुढच्या खेपेला तेच अंतर आठ वाजता. मग कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास डेक्कनपर्यंत. चढावर सिग्नलला थांबून गाडी पुन्हा उचलणे ही बहुतेकांची खरी धास्ती असते, कारण गाडी बंद पडली की मागचा रिक्षावाला भोंगा वाजवणार हे ठरलेले असते. म्हणून ती पायरी वेगळी लिहावी आणि गर्दी नसताना, मागे कोणी नाही अशा चढावर आधी करून घ्यावी. शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर गाडी नेणे शिडीत धरण्याची गरज नाही. तेथे गाडी न नेणे याला भीती नव्हे, शहाणपण म्हणतात.

प्रत्येक पायरी एकदा करून सोडू नये. ती कंटाळवाणी वाटेपर्यंत करावी. कंटाळा येणे ही वरच्या पायरीला जाण्याची उत्तम खूण आहे. पाय लटपटू लागला, तर एक पायरी खाली येण्यात कमीपणा नाही.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये आत्मविश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून मिळवलेले यश, आपल्यासारख्या इतरांना करताना पाहणे, दुसऱ्यांनी दिलेला धीर आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला सर्वांत बळकट. धीराच्या शब्दांनी माणूस गाडीत बसेल. ती चालवता येते याची खात्री चालवल्यानेच पटते.

पाण्यात पडले की पोहता येते, असे म्हणतात. मग एकदम उडी का घेऊ नये?

ज्यांनी जुन्या पुण्यात विहिरीत किंवा कालव्यात पोहणे शिकलेल्यांकडून ऐकले आहे, त्यांना ठाऊक असेल की उडी मारणाऱ्या पोराच्या पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधलेला असे, काठावर काका उभा असे आणि जसजसे हात-पाय चालू लागत तसतसा तो आधार काढून घेतला जाई. म्हण सांगणारे डब्याचा उल्लेख करायला विसरतात. आधाराशिवाय ढकललेली पोरे नाकातोंडात पाणी जाऊन असा धसका घेत की पुढे आयुष्यभर काठावरच बसत.

एकदम उडी घेऊन काहींचे भले होते, हे नाकारता येत नाही. वयाच्या अठराव्या वर्षी परभणीहून किंवा चंद्रपूरहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहू लागणे ही उडीच असते आणि हजारो मुले ती निभावून नेतात. मात्र तेथेही गावाकडचा फोन, खोलीतला जुना मित्र आणि ओळखीची मेस असा डबा बहुतेकांच्या पाठीला असतोच.

निखाऱ्यांवरून चालण्याच्या कार्यशाळांनी आत्मविश्वास वाढतो का?

त्या संध्याकाळपुरता वाढतो. जळलेल्या लाकडाचा निखारा उष्णता सावकाश वाहून देतो आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकते, म्हणून झपाट्याने चालणाऱ्याचा पाय सहसा भाजत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते महाराष्ट्रात गावोगावी हे करून दाखवत आले आहेत आणि त्यामागे कोणतीही दैवी वा मानसिक शक्ती नसल्याचे सांगत आले आहेत. निखाऱ्यांवरून गेलेला माणूस सोमवारी वरिष्ठांसमोर ‘हे काम या मुदतीत होणार नाही’ असे म्हणू शकेलच, असे मानायला आधार नाही. धाडस ज्या प्रसंगात कमी पडते, त्याच प्रसंगात त्याचा सराव करावा लागतो. बंजी जंपिंगला हौसेने जाणारे कितीतरी लोक सख्ख्या भावाशी वाटणीचा विषय काढायला घाबरतात.

लोक काय म्हणतील, याचे काय करावे? त्यातून हे पुणे!

लोक म्हणतील. हे आधी मान्य करावे, कारण ‘कोणीही काही म्हणणार नाही’ हा दिलासा निदान या शहरात टिकणारा नाही. प्रश्न इतकाच, की जितके लोक आपल्याकडे पाहत आहेत असे आपल्याला वाटते तितके खरोखर पाहत असतात का. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. निम्म्या लोकांनी तरी आपला टी-शर्ट हेरला असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला होता. बाकीचे बहुधा आपापल्या टी-शर्टच्या काळजीत असावेत.

राहिला तो पाव हिस्सा. त्याच्यासाठी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचे प्रवर्तक आल्बर्ट एलिस यांचे काम उपयोगी आहे. तरुणपणी त्यांना स्त्रियांशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या शंभर स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला आणि तो पाळला. भेटायला येण्याचे एकीनेच कबूल केले आणि तीही आली नाही. एलिस हे स्वतःच रंगवून सांगत. भेटींच्या हिशेबात प्रयोग साफ फसला होता, पण नकाराने काही आभाळ कोसळत नाही हे त्यांना शंभरदा दिसले आणि भीती गेली. (हा प्रयोग आज जसाच्या तसा कोणी करू नये. अनोळखी स्त्रीचा निवांतपणा हे आपल्या सरावाचे साहित्य नव्हे.)

पुढे त्यांनी लाजेवर चाल करून जाण्याचे व्यायाम सुचवले. कोणालाही त्रास न देता थोडे हास्यास्पद दिसायचे आणि तरीही तेथे टिकून राहायचे. पुण्यात त्यासाठी वेगळा खटाटोप लागत नाही. पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानात जाऊन चार वस्तू पाहाव्यात, ‘आणखी वेगळ्या रंगात आहे का’ असे विचारावे आणि काहीही न घेता, ओशाळवाणे न हसता, ‘आभारी आहे, आज घेत नाही’ असे म्हणून बाहेर पडावे. ऐकावे लागलेच तर ते एक वाक्य असेल. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. भिडेपोटी घेतलेल्या वस्तूंनी आणि दिलेल्या होकारांनी किती घरे भरलेली असतात.

मी अंतर्मुख आहे. मला बदलावे लागेल का?

नाही. अंतर्मुख माणसाला एकांत आवडतो आणि भित्र्या माणसाला एकांतात सुरक्षित वाटते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. व्याख्यानाला एकटे जाऊन, ऐकून, कोणाशी न बोलता आनंदाने घरी येणारा माणूस जसा आहे तसा उत्तम आहे. तेथे विचारायचा प्रश्न मात्र ओठांवर आला होता आणि तो गिळला याची रुखरुख रात्रभर राहत असेल, तर पुढच्या खेपेला तेवढा एक प्रश्न विचारावा.

मी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. मी तर रोजच स्वतःला झिजवतो आहे. मला हे कसे लागू होईल?

हा प्रश्न सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरातून सर्वाधिक येतो आणि त्याचे उत्तर देताना जपून बोलावे लागते. दहा-बारा तास अभ्यासिकेत बसणारा, घरून येणाऱ्या पैशांत महिना काढणारा, सणाला गावी न जाणारा विद्यार्थी सुखात आहे असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. पण कम्फर्ट झोनमध्ये सुख असते असे आपण मुळात म्हटलेलेच नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, अमृततुल्यासमोरचे तेच मित्र, निकालानंतरचा तोच आठवडाभराचा विषाद आणि नव्या जाहिरातीनंतरची तीच उभारी, या सगळ्याची एक घडी बसते. त्या घडीबाहेर काय आहे याचा विचार अधिक भयंकर वाटू लागतो. गावी कोणी ‘काय करतोस?’ असे विचारले तर ‘तयारी करतोय’ हे उत्तर देता येते. ते गेले, तर त्याच्या जागी काय सांगायचे?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या गटासाठी ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न अशी मर्यादा आहे. राज्य सेवेची वयोमर्यादा त्याहून सैल, खुल्या गटासाठी साधारणपणे ३८ वर्षे आहे. त्यामुळे थांबण्याचा निर्णय बाहेरून लवकर येत नाही. तो स्वतः घ्यावा लागतो आणि जो निर्णय स्वतः घ्यावा लागतो, तोच सर्वाधिक पुढे ढकलला जातो.

म्हणून दोन प्रश्न कागदावर लिहून त्यांची लेखी उत्तरे द्यावीत. गेल्या प्रयत्नात आणि या प्रयत्नात माझ्या अभ्यासाच्या पद्धतीत नेमके काय बदलले? पूर्वपरीक्षेत दरवेळी त्याच विषयात गुण जात असतील आणि तरीही आपण आवडता इतिहास चौथ्यांदा वाचत असू, तर आपण परीक्षेच्या आतच टाळाटाळ करत आहोत. मुख्य परीक्षेचे उत्तरलेखन तपासून घेणे ज्याला नकोसे वाटते, त्याने नेमके तेच आधी हाती घ्यावे. दुसरा प्रश्न असा, की ‘प्लॅन बी’ या शब्दापुढे एखादे ठिकाण, एखादा अभ्यासक्रम, एखादा पगार लिहिलेला आहे, की तो नुसता शब्द आहे? तयारी चालू ठेवूनही आठवड्यातील काही तास एखादे कमाईचे काम करता येते, मुलाखत देऊन पाहता येते, जुन्या पदवीचा उपयोग कोठे होतो याची चौकशी करता येते. त्याने अभ्यास मोडतोच असे नाही. काहींच्या बाबतीत तर पायाखाली दुसरी फळी आहे हे कळल्यावर परीक्षेतील हात मोकळा होतो.

पालकांनीही ‘अजून एकदा बघ’ आणि ‘आता पुरे’ यांपैकी एकच वाक्य वर्षभर धरून ठेवावे. दोन्ही आलटून पालटून ऐकणाऱ्या मुलाला निर्णय घेता येत नाही.

घरातूनच विरोध असेल, तर स्त्रीने काय करावे?

आधी अडथळा मनात आहे की दारात, हे पाहावे. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुले यांच्यावर शेण-चिखल फेकला गेला. त्याला कोणी ‘कम्फर्ट झोन’च्या गोष्टींत बसवू लागले, तर तो त्यांच्या लढ्याचा संकोच होईल. ज्या घरात हिंसा आहे, जेथे पैसा आणि बाहेर पडण्याची परवानगी दोन्ही दुसऱ्याच्या हातात आहेत, तेथे स्त्रीला आत्मविश्वासाचे धडे देणे अप्रस्तुत आहे. तेथे कायद्याची आणि माणसांची मदत लागते.

विरोध टोमण्यांपुरता असेल, तर रमाबाई रानडे यांच्या आठवणी मार्गदर्शक ठरतात. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे रोज शिकवत, आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांना दिवसभर बोलून घेत. रमाबाईंनी घर सोडले नाही आणि शिक्षणही सोडले नाही. दिवसा घरकाम, टोमण्यांना उत्तर नाही आणि रोजचा पाठ चुकवायचा नाही, असा तो क्रम होता. पुढे त्याच रमाबाईंनी सभा गाजवल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची उभारणी केली. त्यांच्या बाबतीत घरातील एक माणूस पूर्णपणे पाठीशी होता, हे विसरू नये. आपल्या घरात असा एक माणूस कोण होऊ शकेल, हे आधी शोधावे. तो नवराच असेल असे नाही, सासूबाईही असू शकतात.

वय झाल्यावर हे जमते का?

जमते, वेळ अधिक लागतो. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, युरोप, अमेरिका आणि जपान अशा प्रवासाला निघाले आणि महिला विद्यापीठाची माहिती तेथील लोकांना देत फिरले. सर्वांनी एवढे करण्याची आवश्यकता नाही. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची धास्ती असेल, तर मुलाला दहा रुपये पाठवावेत, त्याने ते परत पाठवावेत, असे आठवडाभर करावे. फसवणुकीची भीती रास्त आहे आणि ती ठेवावीच. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही, हा नियम पाठ असला की उरलेली भीती सरावाने जाते.

किती दिवसांत फरक पडतो? एकवीस दिवस पुरतात का?

एकवीस दिवसांची समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लेखनातून पसरली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तितके दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ वाटेत गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधी सवय आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले आणि वेगवेगळ्या व्यक्तींचा आवाका १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता. त्या सवयी फळ खाणे, पाणी पिणे, चालायला जाणे अशा होत्या. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नव्हते, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. भीतीच्या कामांना ठरावीक आकडा लावता येत नाही. आठवड्यातून एकदा मोठा पराक्रम करण्यापेक्षा दोन-तीनदा लहान पायरी गाठणे बरे.

प्रयत्न फसला तर?

बऱ्याचदा फसेल. त्यासाठी एक वही ठेवावी. जाण्यापूर्वी दोन ओळी: काय वाईट होईल असे वाटते आणि त्याची शक्यता शंभरात किती वाटते. आल्यावर दोन ओळी: प्रत्यक्ष काय झाले. महिन्याभराने वही चाळली, की आपली भाकिते कितपत भरवशाची आहेत याचा अंदाज येतो. जी भाकिते वारंवार खरी ठरतात, तेथे अडचण भीतीची नसून कौशल्य कमी पडते आहे असे समजून शिकवणी लावावी. सभेत बोलण्याचा सराव हवा असेल, तर १९२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या संस्थेचे क्लब पुण्यातही आहेत. तेथे पहिले भाषण चार ते सहा मिनिटांचे आणि स्वतःविषयी असते, ऐकणारेही कधीतरी तेथेच अडखळलेले असतात.

लाजऱ्या मुलांना कसे बाहेर काढावे?

चारचौघांत ‘काकांना कविता म्हणून दाखव’ असे फर्मावून नक्कीच नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मूल एकटे जे करू शकते आणि मोठ्यांच्या थोड्या मदतीने जे करू शकते, त्यांच्या मधल्या पट्ट्यात शिक्षण घडते असे म्हटले आहे. वाण्याकडे पैसे मुलाच्या हातात द्यावेत, काय मागायचे ते आधी ठरवावे, आणि मूल गप्प राहिले तर त्याच्या वतीने बोलण्याची घाई करू नये. दुकानदाराला अर्धा मिनिट थांबावे लागेल, एवढेच.

तज्ज्ञांची मदत केव्हा घ्यावी?

ज्या गोष्टीकडे जायचे त्यामागे अपघात, अत्याचार किंवा हिंसेचा अनुभव असेल, तर स्वतःहून शिडी रचू नये. ते काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांबरोबरच करावे. घराबाहेर पडणे, लिफ्ट, बस किंवा माणसांत मिसळणे यांच्या भीतीने नोकरी-शिक्षण बंद पडू लागले असेल, छातीत धडधड आणि श्वास कोंडण्याचे झटके वारंवार येत असतील, भीती घालवण्यासाठी दारूचा आधार घ्यावा लागत असेल किंवा आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, तरीही तेच. छातीतील दुखणे ‘भीतीमुळेच असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जगू नये असे विचार मनात येत असतील, तर शिडी, वही सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येते. पहिल्याच फोनवर सर्व काही सांगता आले नाही, तरी पुन्हा फोन करता येतो.